प्रेसिडेंटची पिन

२१ नोव्हेंबर १९८४

प्रिय रत्नाताई,

जय भीम. आधी एवढंच वाच, मग घोटभर पाणी पी, मग पुढे वाच. लहू ठणठणीत आहे. आत्ता माझ्या पायाशी बसून डब्याचं झाकण चाटून राहिलाय. पुढे दवाखाना, एक्सरे असं काय काय येईल, त्याला घाबरायचं नाही. भाऊजींना पण आधीच सांग, नाहीतर ते पत्र अर्धंच ठेवून पोस्टात फोन लावायला पळतील. सगळं झालं, संपलं. गेल्या आठवड्यात मी इतकी रडले ना ताई, की आता हसायला आलं तरी डोळ्यातून पाणीच येतं.

तुझं पत्र मिळालं. पाळण्याला हिरवा रंग दिलास, लुगड्याची मऊ गोधडी शिवलीस, सगळी आळी विचारते भाचा कधी येतो म्हणून, सगळं वाचलं. मी अडखळत वाचते ते तुला माहीत आहे, पण हे पत्र मी न अडखळता वाचलं, पाठच झालं म्हण ना. यांच्या मित्राची बायको, त्या नेपरव्हिलच्या कांचनवहिनी, त्या डिसेंबरात नागपूरला निघताहेत. लहू त्यांच्या मांडीवर बसून येणार आणि तू नागपूरला त्याला घ्यायला जाणार, हे आपलं उन्हाळ्यातच ठरलंय. त्याच्या पासपोर्टाचा फोटो पण काढला. फोटोत तो असा रागावून बघतो, जसा काही मिलचा मुकादम. वहिनींनी स्वतःची दोन्ही पोरं अशीच आईकडे ठेवली होती. म्हणतात, अगं शरयू, सगळेच पाठवतात, त्यात रडायचं काय, पाच वर्षांनी आयतं चालतं-बोलतं पोर परत मिळतं, तोवर तू नोकरी कर, झोप काढ. यांची कंपनीत रात्रपाळी. सकाळी हे येतात तेव्हा मी निघते, मग हे डोळे ताणत पोराजवळ बसतात. एकदा तर हे मशीनवरच पेंगले, साहेबानं तंबी दिली. आणि मी अशी भित्री. पोराला शिंक आली तरी माझे हातपाय गार. दवाखान्यात फोन करायचा म्हटलं तर इंग्रजी घशातच अडकतं. म्हणून वाटलं, तुझ्याजवळ बरा राहील. मला नाही का तूच कडेवर घेऊन मोठं केलंस.

मी कामाला कुठे जाते ते तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर वेळी नुसतं ऑफिस लिहिते. आज नीट सांगते, कारण सगळं तिथूनच झालं. या गावात जुन्या प्रेसिडेंटचं दफ्तर आहे. प्रेसिडेंट म्हणजे इथला सगळ्यात मोठा साहेब. तो खुर्चीवरून उतरला की त्याच्या कचेरीतला कागद अन् कागद ट्रकात भरून एका जागी आणतात आणि जपतात. आपल्याकडे दफ्तर म्हटलं की धूळ, उंदीर, आणि चहा पीत बसलेला कारकून. इथे कागदांसाठी थंड खोल्या आहेत. आमच्या घरात हीटर नीट चालत नाही, पण त्या कागदांना काय हवं-नको ते बघायला माणूस आहे. नुसते खोकेच खोके, छतापर्यंत. मी सरकारी नोकर नाही हं, कंत्राटदाराची बाई. माझं काम एवढंच, कागदांना लावलेल्या टाचण्या आणि तारेच्या पिना काढायच्या. आपल्याकडे नगरपालिकेत कागदाला लावतात ना वळवलेल्या तारेची पिन, तीच. ती गंजते आणि कागद खाते. म्हणून हळूच काढायची, डब्यात टाकायची, आणि कागद होते त्याच क्रमाने परत ठेवायचे.

पहिल्या दिवशी मी बोट जिभेला लावून पान उलटलं तर डोरोथीबाई किंचाळल्याच. त्या आमच्या मोठ्या बाई, पांढरे केस, चष्मा दोरीनं गळ्यात. मला वाटलं गेली नोकरी. पण त्यांनी ओला स्पंज आणून दिला आणि स्वतःच जीभ दाखवून नाही-नाही अशी मान हलवली, लहान पोरासारखी. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना कळलं तेव्हा मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, अगं, उलट बरंच, सगळ्या इमारतीत तुझ्याइतकं विश्वासाचं कोणी नाही. मग मी पण हसले. संध्याकाळी निघताना दारावरचा पहारेकरी माझी पर्स उघडून बघतो, डबा सुद्धा उघडतो. एकदा भाकरीचा तुकडा उरला होता तर त्यानं तो उलटून पाहिला. या घरातला कागदाचा कपटा बाहेर जाता कामा नये, असा नियम.

आणि कागद पण कसले कसले. मोठ्या साहेबलोकांचे मला कळत नाहीत. पण लहान पोरांनी प्रेसिडेंटला लिहिलेली पत्रं असतात ना, ती बघायला अक्षर लागत नाही. कुणी कुत्र्याचं चित्र काढलेलं, कुणी त्याचं घर. एका पोरानं कागदावर स्वतःचा हात ठेवून पेन्सिलीनं भोवतीनं रेघ ओढली होती. एवढासा पंजा, अंगठा वाकडा. मी डोरोथीबाईंना खुणेनं विचारलं, हे पण ठेवायचं? त्या म्हणाल्या, हे पण. कुणाचंही फेकायचं नाही, आणि एका घरातलं दुसऱ्या घरात मिसळायचं नाही. ज्याच्याबरोबर जे आलं ते त्याच्याबरोबरच राहील. कधी एखादा कागद काही कारणानं काढून दुसरीकडे ठेवावाच लागतो. तेव्हा त्याच्या जागी एक गुलाबी कागद घालतात, म्हणजे कळावं की इथे काहीतरी होतं. मी विचारलं, मग तो परत कधी येतो? त्या म्हणाल्या, येतो ना, कधी दहा वर्षांनी, कधी वीस. माझ्या डोक्यात ते गुलाबी कागद राहून गेले बघ.

आता झालं काय ते सांगते. नागपूर स्टेशनवर तू माझ्या गळ्यातल्या पोतीला चार सेफ्टी पिना अडकवून दिल्या होत्यास, आठवतं? म्हणालीस, तिकडे चारचौघात पदर सुटला तर कुणाकडे मागशील. त्या अजून तशाच आहेत. लहूला दूध पाजायला घेतलं की तो एका हातानं ती पोत धरतो आणि पिना वाजवत पितो. त्याचं खेळणंच आहे ते. आणि आपली सवय तुला माहीतच आहे. हात भरलेला असला की हाताला लागेल ते पोतीच्या पिनेत अडकवायचं. किल्ली असो, सुई असो, पोर रांगतं तिथून उचललेला एखादा खिळा असो. आईचं तर अर्धं घर गळ्यात असायचं. तर त्या दिवशी मी कागदातून एक छोटी तारेची पिन काढली. पितळी होती, गंजली नव्हती. तेवढ्यात डोरोथीबाईंनी खोका उचलायला हाक मारली. दोन्ही हात हवे होते, पिनांचा डबा लांब होता. मी ती पिन पोतीत अडकवली आणि विसरले. पहाऱ्यावरच्या माणसानं पर्स बघितली, डबा बघितला. बाईच्या गळ्यात कोण बघतो?

घरी आले, यांना झोपायला पाठवलं, लहूला घेतलं. पितापिता त्याच्या मुठीत काहीतरी चमकलं. मला वाटलं, ही आपली पिन नव्हे. मूठ उघडायला हात घातला तर मूठ रिकामी आणि तोंड मिटलेलं. मग त्याला ठसका लागला, तोंड लाल झालं, लाळ गळायला लागली. मी त्याला उलटा केला, पाठीवर थापट्या मारल्या, काही पडेना. मग एकदम गप्प झाला आणि माझ्याकडे बघून हसला. ताई, ते हसू बघून मला जास्त भीती वाटली. मी अशी ओरडले की हे झोपेतून उठून नुसत्या बनियनवर बाहेर आले. बाहेर बर्फ. एकाच पायात बूट घालून यांनी गाडी काढली. दवाखान्यात एक्सरे काढला आणि डॉक्टरांनी तो उजळलेल्या काचेवर लावून दाखवला. एवढंसं पोट आणि त्यात मधोमध ती पिन, चांदणीसारखी पांढरी.

डॉक्टरांनी विचारलं, काय गिळलं? घाबरल्यावर माझं होतं-नव्हतं इंग्रजी पण पळून गेलं. मी नुसतं म्हटलं, प्रेसिडेंट. त्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. मी परत म्हटलं, प्रेसिडेंट, पिन, बेबी. मग यांनी सगळं समजावून सांगितलं. ऐकून ती जाडी नर्स भिंतीला टेकून हसली. तिनं म्हणे यांना विचारलं, पिन कुठल्या पक्षाची आहे, त्यावर बिल कुणाला पाठवायचं ते ठरवू. हे पण हसले. मला तेव्हा इतका राग आला ना सगळ्यांचा. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आपोआप बाहेर येईल. प्रत्येक लंगोट तपासा, उलटी झाली, पोट फुगलं तर तसेच उचलून आणा. आणि अडकलीच तर कापून काढावी लागेल. बाकी सगळं मी विसरले, ते कापणं तेवढं कानात राहिलं.

मग ते दिवस. खाणं नाही, पिणं नाही. पोराच्या पोटावर हात ठेवून नुसती बसून. हा मात्र खेळतोय, हसतोय, झाकणं वाजवतोय, जसा काही सरकारी माल पोटात घेऊन फिरणं त्याचं रोजचंच. मी पोत गळ्यातून काढून वरच्या फळीवर ठेवली तर त्याचंच रडू थांबेना. आणि एक भीती अजून होती, ती मी यांना पण सांगितली नव्हती. मी प्रेसिडेंटच्या घरातली वस्तू बाहेर आणली होती. भाकरी उलटून बघतात तिथे. मला वाटलं, आता पोलीस येतील, यांची नोकरी जाईल, आपल्याला विमानात बसवून देतील आणि गावात म्हणतील, भानुदासची बायको चोरी करून आली. मी कामावर गेलेच नाही, कळवलं पण नाही. मग एका दुपारी दार वाजलं. उघडते तर डोरोथीबाई, हातात सूपचं भांडं. मला वाटलं, आल्या पकडायला. मी रडत रडत सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी, उरलेलं यांनी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, बाई रडताहेत. रडत नव्हत्या, हसत होत्या. म्हणाल्या, वेडाबाई, त्या पिना आम्ही बादल्या भरभरून फेकून देतो! कागदाची वैरी ती, म्हणून तर काढायला तुला ठेवलंय. प्रेसिडेंटला ती परत नकोय. मग लहूला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पोटाला कान लावला. इथे त्याला सगळे लू म्हणतात. त्याला म्हणाल्या, लू, तू आमच्या पहारेकऱ्याला फसवलंस, पन्नास वर्षांत कुणाला जमलं नाही. आता ती इमारत पन्नास वर्षांची नाही, पण जाऊ दे.

दुसरा एक्सरे काढायला गेलो तेव्हा पिन खाली सरकली होती, पण अजून आतच होती. तिथे एक बाई आली. छान कपडे, हातात फाईल, हसून बोलत होती. विचारायला लागली, बाळ कुठे झोपतं, दिवसा कोण बघतं, घरात आणखी कोण. आणि ताई, मला कांचनवहिनींचं बोलणं आठवलं, की इथे पोर नुसतं पडलं तरी सरकार येऊन घेऊन जातं. हे गाडी लावायला गेलेले. मी एकटी. आणि मग कुठून बळ आलं माहीत नाही, मी लहूला छातीशी धरून उठले आणि मोठ्यानं बोलले. इंग्रजीत बोलले बरं का. म्हटलं, नो. माय बेबी. नॉट गोइंग. नोव्हेअर गोइंग. सगळा दवाखाना वळून बघायला लागला. ती बाई बिचारी घाबरली. मला खाली बसवलं, पाणी दिलं. नंतर कळलं, ती नुसती मदतीला आली होती. कपाटाला लावायच्या कड्या दिल्या, पोराच्या हाताला काय लागू द्यायचं नाही त्याचा चित्रांचा कागद दिला आणि गेली. पण मी तिथे बसूनच राहिले. माझ्या तोंडून निघालेलं माझंच मला ऐकू येत होतं. नॉट गोइंग. म्हटलं, शरयू, कुणाशी भांडलीस तू? नेणारं तर कुणीच नव्हतं.

रविवारी सकाळी मी टबात लंगोट धूत होते. तू पाठवलेल्या जुन्या लुगड्याचेच लंगोट, इथल्या कागदी लंगोटांत मला तपासता येईना. पाण्यात हात फिरवला आणि टबाच्या पत्र्यावर टिंग करून वाजलं. मी हात तसाच ठेवला. परत हलवला, परत टिंग. ताई, आजवर इतका गोड आवाज ऐकला नाही मी. मी ती उचलून तळहातावर घेतली. हे स्वतःच आले, माझ्या तळहातावर ती पिन बघितली आणि खालीच बसले. एवढा मोठा माणूस, न्हाणीघरात ओल्या फरशीवर बसून रडला. मग म्हणाले, डेटॉलनं धू, प्रेसिडेंटला वापस द्यायची आहे. आणि आम्ही दोघं असे हसलो की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं काठीनं छत ठोकलं.

सोमवारी मी ती खरंच घेऊन गेले, पुडीत बांधून. पहारेकऱ्याला कळलं होतं. त्यानं पुडी उघडली, लांबूनच बघितली आणि हात वर करून मला आत सोडलं. डोरोथीबाईंनी ती नोटिसांच्या फळ्यावर अडकवून ठेवलीय. खाली काहीतरी लिहिलंय. मी एकाला वाचायला लावलं तर म्हणे, या इमारतीतून परवानगीशिवाय बाहेर गेलेली एकुलती एक वस्तू, आणि स्वतःच्या पायांनी परत आलेली. माझ्या पोतीत आता तुझ्या चारच पिना आहेत, पाचवी कधी लागायची नाही.

मग मी परत टेबलावर बसले. पुढ्यात पोरांच्या पत्रांचाच खोका आला. पत्रांच्या मधेच एक गुलाबी कागद निघाला. त्या जागचं पत्र कुठे गेलं, का काढलं, मला काय माहीत. मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला आई आठवली. आई मिलमध्ये जायची म्हणून मला दोन वर्षं आत्याकडे ठेवलं होतं. तू तेव्हा मोठी होतीस, तुला सगळं आठवत असेल. परत आले तेव्हा मी आईला बाई म्हणायचे. बाई, पाणी दे. बाई, मला घरी जायचं. आई हसून घ्यायची. पण मरायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाली, शरू, तू मला किती दिवस बाईच म्हणत होतीस गं. वीस वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं. मी परत आले होते ताई, पण आईची ती दोन वर्षं आली नाहीत.

म्हणून हे पत्र आज लिहून आजच टाकते आहे, म्हणजे तू नागपूरची गाडी धरायच्या आत पोचेल. कांचनवहिनी रिकाम्या हातानं येतील. त्या गाडीतून उतरल्या की त्यांच्या कडेवर तू बघशील, तेव्हा तिथे कुणी नसेल, आणि हे तुला स्टेशनावर उभी असताना कळू नये, घरात बसल्यावर कळावं, माझ्याच हातून कळावं. लहू येत नाही ताई. मी त्याला पाठवू शकत नाही. त्याच्या जागी गुलाबी कागद ठेवून मला राहता येणार नाही. यांनी जानेवारीपासून दिवसपाळी मागून घेतलीय, मी तीनच दिवस कामाला जाईन, तेवढे दिवस खालची काठीवाली म्हातारी बघते म्हणाली, तिला तो आवडतो. मी अजून भित्रीच आहे, कालच त्याला शिंक आली तर झोपले नाही. पण भीत भीत का होईना, मीच करीन. तू पोरासाठी बारा वर्षं वाट बघितलीस, पाळणा रंगवलास, आणि आता मी हे लिहिते आहे. तू मला शिव्या दे, महिनाभर पत्र लिहू नको, मी काही म्हणणार नाही. फक्त पाळणा माळ्यावर टाकू नको. एप्रिलात जयंतीला आम्ही तिघंही पुलगावला येतोय, यांनी सुट्टी लिहून दिली. तेव्हा लहू चालायला लागलेला असेल, पाळण्यात मावायचा नाही कदाचित, पण आपण दाबून बसवू. सोबत एक कागद ठेवलाय. त्याच्यावर लहूचा हात ठेवून मी पेन्सिलीनं रेघ ओढली. तो हलला म्हणून करंगळ्या दोन झाल्यात. तू त्यावर आपला हात ठेवून बघ, केवढा झालाय ते.

तुझ्या कडेवरची, तुझीच
शरू